श्रोत्यांचा कौल मोजणार कोण?

नॅशव्हिल शहरातील ब्रिजस्टोन अरीनामध्ये ४ नोव्हेंबर २०१५ च्या रात्री 'कंट्री म्युझिक असोसिएशन'चा वार्षिक पारितोषिक सोहळा सुरू होता. लांब केस, छातीवर रुळणारी दाढी आणि डोक्यावर रुंद काठाची हॅट अशा वेषातला सदतीस वर्षांचा एक गायक पॉप संगीतातील बडे प्रस्थ असलेल्या जस्टिन टिम्बरलेकसोबत रंगमंचावर आला. दोघांनी मिळून दोन गाणी सादर केली. त्यांतले एक दाढीवाल्याच्या अल्बममधले होते, दुसरे टिम्बरलेकचे. सोहळा संपला तेव्हा सर्वोत्कृष्ट अल्बम, सर्वोत्कृष्ट पुरुष गायक आणि सर्वोत्कृष्ट नवोदित कलाकार अशी तीन पारितोषिके त्या गायकाच्या नावावर जमा झाली होती. एकाच वर्षी ही तिन्ही पारितोषिके मिळवणारा तो पहिलाच कलावंत ठरला.

ख्रिस स्टेपलटन हे त्याचे नाव आणि 'ट्रॅव्हलर' हा त्याचा पहिला एकल अल्बम. हा अल्बम काही त्या आठवड्यात निघालेला नव्हता. ५ मे २०१५ रोजी तो बाजारात आला, पहिल्या आठवड्यात त्याच्या सुमारे २७ हजार प्रती खपल्या आणि 'बिलबोर्ड'च्या मुख्य यादीत तो चौदाव्या क्रमांकावर दिसला. पुढे तो घसरत घसरत यादीबाहेर गेला. सोहळ्यानंतरच्या आठवड्यात मात्र तोच अल्बम थेट पहिल्या क्रमांकावर परतला. त्या आठवड्याची नोंद होती १ लाख ७७ हजारांची, आणि त्यांतल्या १ लाख ५३ हजार प्रती लोकांनी पदरचे पैसे मोजून पूर्ण अल्बम म्हणून विकत घेतलेल्या होत्या.

गाणी तीच होती आणि आवाजही तोच. मे महिन्यात ज्यांनी अल्बम ऐकला होता त्यांचे मत नोव्हेंबरमध्ये काही वेगळे झालेले नव्हते. मग या सहा महिन्यांत श्रोत्यांची आवड कुठे होती, आणि ती कुणाला दिसली का नाही, हा प्रश्न अमेरिकेच्या संगीत व्यवसायाला पडायला हवा होता. व्यवसायाने त्याऐवजी 'कंट्री संगीताला तारणहार मिळाला' अशी सोपी कथा पसंत केली. ती कथा ऐकायला छान आहे. पण तपशिलात शिरले की ती बरीच विस्कटते.

चौदा वर्षांचा 'नवोदित'

केंटकी राज्यातील कोळसा खाणींच्या टापूत वाढलेला स्टेपलटन २००१ साली गीतलेखन करण्यासाठी नॅशव्हिलला आला. अवघ्या काही दिवसांत एका प्रकाशन संस्थेशी त्याचा करार झाला. नॅशव्हिलमध्ये गीतलेखन हा कचेरीत जाऊन करायचा व्यवसाय आहे. सकाळी दोघे-तिघे गीतकार एका खोलीत बसतात, दुपारपर्यंत गाणे तयार करतात, त्याची कच्ची ध्वनिमुद्रिका बनते आणि प्रकाशक ती गायकांकडे घेऊन फिरतो. या पद्धतीने स्टेपलटनने शेकडो गाणी लिहिली. जॉश टर्नरचे 'युवर मॅन', केनी चेस्नीचे 'नेव्हर वाँटेड नथिंग मोअर', डॅरियस रकरचे 'कम बॅक साँग' आणि ल्यूक ब्रायनचे 'ड्रिंक अ बिअर' ही त्यांतली काही. ही सगळी गाणी कंट्री रेडिओवर पहिल्या क्रमांकावर गेली. लोकांच्या ओठी गाणे होते आणि गाणाऱ्याचा चेहराही त्यांच्या परिचयाचा होता. लिहिणारा मात्र कुणाच्या खिजगणतीत नव्हता.

मधल्या काळात 'स्टीलड्रायव्हर्स' या ब्लूग्रास पद्धतीच्या चमूत तो प्रमुख गायक होता. बँजो, फिडल आणि मँडोलिन यांच्या जोडीला त्याचा खरखरीत, ब्लूजच्या अंगाचा आवाज, असे हे रसायन होते. त्या चमूचे 'इफ इट हॅडन्ट बीन फॉर लव्ह' हे गाणे पुढे ब्रिटिश गायिका अडेलनेही गायले. २०१० मध्ये तो या चमूतून बाहेर पडला. नंतर त्याने 'जॉम्पसन ब्रदर्स' हा रॉक संगीताचा चमू काढून पाहिला. २०१३ मध्ये ध्वनिमुद्रिका कंपनीने त्याचे एकल गाणे रेडिओला दिले. ते चालले नाही आणि त्यापाठोपाठ येऊ घातलेला अल्बम कपाटात गेला. त्याच वर्षी त्याच्या वडिलांचे निधन झाले. पत्नी मॉर्गेन हिने त्याला एक जुनी जीप घेऊन दिली आणि दोघे ती अ‍ॅरिझोनातील फिनिक्सहून नॅशव्हिलपर्यंत चालवत आले. अल्बमचे शीर्षकगीत त्या प्रवासात सुचले. मॉर्गेन स्वतः गीतकार आणि गायिका असून 'ट्रॅव्हलर'मधील दुसरा आवाज तिचाच आहे.

ज्याला नोव्हेंबर २०१५ मध्ये 'नवोदित' म्हणून गौरवण्यात आले, तो या व्यवसायात चौदा वर्षे मुरलेला माणूस होता. विनोद एवढ्यावर संपत नाही. 'ट्रॅव्हलर' प्रसिद्ध झाला त्याच सुमारास थॉमस ऱ्हेट या तरुण गायकाचे 'क्रॅश अँड बर्न' हे गाणे रेडिओवर आले. टाळ्या-चुटक्यांच्या ठेक्यावरचे हे चकचकीत गाणे त्याच वर्षी रेडिओच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. त्याच्या दोन गीतकारांपैकी एक होता ख्रिस स्टेपलटन. त्याच्या स्वतःच्या आवाजातल्या गाण्यांना तेव्हा रेडिओवर जेमतेम जागा मिळत होती. लेखणी तीच असूनही एका गाण्याला राजमार्ग मोकळा होता आणि दुसऱ्याला तो बंद होता.

रेडिओचा तराजू

याचे कारण रेडिओ केंद्रे कौल कसा घेतात, यात दडलेले आहे. अमेरिकेत कंट्री संगीताचे यशापयश दीर्घकाळ रेडिओवर ठरत आले. गाणे सतत वाजवायचे की नाही याचा निर्णय घेताना केंद्रचालक दोन साधनांचा आधार घेतात. निवडक श्रोत्यांना दूरध्वनीवरून किंवा संगणकावर गाण्यातला काही सेकंदांचा तुकडा ऐकवून त्यांचे मत विचारणे हे पहिले साधन. दुसरे साधन म्हणजे आर्बिट्रॉन कंपनीने २००७ नंतर मोठ्या शहरांत रूढ केलेले छोटे यंत्र. पेजरएवढे हे यंत्र श्रोत्याने अंगावर बाळगायचे. आसपास कोणते केंद्र किती वेळ वाजत आहे, याची नोंद ते आपोआप घेते. त्यामुळे कुठल्या गाण्याला लोकांनी केंद्र बदलले, हे जवळजवळ मिनिटागणिक कळू लागले.

ही साधने खोटी आहेत असे नव्हे. पण ती नेमके काय मोजतात हे पाहिले पाहिजे. रेडिओचे उत्पन्न जाहिरातींवर चालते आणि जाहिरात ऐकायला श्रोता जागेवर असावा लागतो. त्यामुळे श्रोत्याला गाणे किती आवडले, यापेक्षा ते ऐकून तो उठून गेला नाही ना, याची चिंता केंद्रचालकाला अधिक असते. हजारातल्या नऊशे लोकांना 'चालेल' वाटणारे गाणे या तराजूत जड भरते. शंभर जणांना वेड लावणारे आणि इतर शंभरांना अजिबात न रुचणारे गाणे हलके ठरते. 'ट्रॅव्हलर'मधली गाणी संथ आहेत, सावकाश उलगडणारी आहेत. त्यांतला सात-आठ सेकंदांचा तुकडा कापून ऐकवला तर हाती फारसे काही लागत नाही. 'व्हिस्की अँड यू' या गाण्यात तर एक गिटार आणि एक आवाज यांपलीकडे काहीच नाही. हेच गाणे टिम मॅकग्रॉने २००७ मध्ये आपल्या अल्बममध्ये भरगच्च वाद्यमेळासह गायले होते. दोन्ही पाठोपाठ ऐकले की स्टेपलटनच्या श्रोत्यांना काय गवसले हे समजायला वेगळ्या समीक्षेची गरज उरत नाही.

दुकानातला तराजू वेगळा. पैसे मोजून अल्बम घरी नेणाऱ्या शंभर जणांची नोंद तिथे शंभर अशीच होते. नापसंत करणाऱ्यांची नोंद तिथे नसतेच. २०१२ च्या अखेरीस 'बिलबोर्ड'ने कंट्री गाण्यांच्या मुख्य यादीत रेडिओबरोबर विक्री आणि इंटरनेटवरील श्रवणही धरायला सुरुवात केली. त्याचा परिणाम नोव्हेंबर २०१५ मध्ये ठळकपणे दिसला. 'टेनेसी व्हिस्की' हे गाणे सोहळ्यानंतर या यादीत पहिल्या क्रमांकावर आले. फक्त रेडिओवरच्या वादनाची जी स्वतंत्र यादी असते, तिच्यात ते कधीच वरच्या क्रमांकांत पोहोचले नाही. पुढे या गाण्याने अमेरिकेत एक कोटी प्रतींचा टप्पा ओलांडला आणि त्याला 'डायमंड' मानांकन मिळाले.

येथे एका गोष्टीकडे सहसा दुर्लक्ष होते. त्या रात्रीची पारितोषिके श्रोत्यांनी दिलेली नव्हती. असोसिएशनचे सदस्य म्हणजे गायक, वादक, गीतकार, प्रकाशक, व्यवस्थापक अशी व्यवसायातलीच मंडळी, आणि मतदान त्यांचे. स्टेपलटनला ती चौदा वर्षे ओळखत होती. अनेकांनी त्याची गाणी गायली होती, अनेकांनी त्याच्यासोबत खोलीत बसून लिहिली होती. म्हणून त्या विजयाला 'नॅशव्हिलविरुद्धचे बंड' म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही. नॅशव्हिलच्या कारागिरांनी आपल्यातल्या एका कारागिराला पुढे केले, दूरचित्रवाणीने त्याला आठ मिनिटे दिली आणि मग श्रोत्यांनी आपले पैसे दिले, असा हा क्रम आहे. टिम्बरलेकच्या लोकप्रियतेची मदत झाली नसती तर काय झाले असते, हा तर्काचा भाग. पण मदत झाली, हे नाकारता येत नाही.

काय आवडले, काय नाही

श्रोत्यांचे म्हणून जे मत होते, तेही एकसंध नव्हते. आवाजाबद्दल मात्र जवळपास एकवाक्यता होती. घशातून खरवडून येणारा, वरच्या पट्टीत जाताना फाटतो की काय असे वाटावे आणि नेमक्या त्या क्षणी सावरणारा असा तो आवाज आहे. नापसंती व्यक्त करणाऱ्यांनीही त्याबद्दल तक्रार केली नाही. मतभेद सुरू होतात ते त्यानंतर.

'स्टीलड्रायव्हर्स'पासून त्याला ऐकत आलेल्यांतील एका वर्गाला या अल्बममध्ये बँजो-फिडलची धार हरवल्यासारखी वाटली. त्यांच्या लेखी स्टेपलटनचे उत्तम काम २०१० पूर्वीच झालेले होते. दुसरी तक्रार लांबीची. चौदा गाणी आणि तासाभराहून थोडा अधिक कालावधी. बहुतेक गाण्यांची लय मध्यम किंवा त्याहून संथ. उत्तरार्धात काही गाणी एकमेकांत मिसळून जातात, हे म्हणणे निराधार नाही. दहा गाण्यांचा अल्बम अधिक बांधेसूद झाला असता. 'आउटलॉ स्टेट ऑफ माइंड'सारखे गाणे रंगमंचावर जितके पेटते तितके ध्वनिमुद्रिकेत पेटत नाही.

तिसरा आक्षेप शब्दांवर होता आणि तो अधिक गंभीर आहे. त्या काळात कंट्री रेडिओवर ट्रक, बिअर, नदीकाठची पार्टी आणि शेजारी बसलेली मुलगी याच ऐवजाच्या गाण्यांचा सुकाळ झाला होता. २०१३ साली न्यूयॉर्कमधील समीक्षक जोडी रोझेन यांनी या प्रकाराला 'ब्रो-कंट्री' असे नाव दिले आणि ते रूढ झाले. 'ट्रॅव्हलर'चे स्वागत करणाऱ्यांचे मुख्य म्हणणे असे, की या पोकळ गाण्यांच्या गर्दीत खऱ्या दुःखाचे गाणे ऐकायला मिळाले. आता या अल्बममधील दोन गाण्यांच्या शीर्षकातच व्हिस्की आहे आणि एकाच्या शीर्षकात नशेत बुडून जाण्याची भाषा आहे. बिअर आणि ट्रक हा साचा असेल, तर व्हिस्की आणि विरह हा साचा का नव्हे? प्रश्न बिनतोड आहे. त्याला श्रोत्यांनी दिलेले उत्तर असे दिसते, की साचा जुना असला तरी त्यातून बोलणारा माणूस खरा वाटला पाहिजे. 'डॅडी डझन्ट प्रे एनीमोर' हे वडिलांबद्दलचे गाणे ऐकणाऱ्याला ते साच्यातले आहे की नाही, याची चौकशी करावीशी वाटत नाही.

'खरे वाटणे' ही मात्र फार निसरडी कसोटी आहे. स्टेपलटनने सह-निर्माता डेव्ह कॉबच्या मदतीने या अल्बमचे बहुतांश ध्वनिमुद्रण नॅशव्हिलच्या 'आरसीए स्टुडिओ ए'मध्ये केले. जेसन इस्बेल आणि स्टर्जिल सिम्प्सन यांच्या गाजलेल्या अल्बमांचा निर्माताही कॉबच होता. मोजके वादक एकत्र बसवून, फारशी जोडकामे न करता ध्वनिमुद्रण करण्यासाठी तो ओळखला जातो. हार्मोनिकावर विली नेल्सनचा जुना साथीदार मिकी रफाएल आणि स्टील गिटारवर वेलन जेनिंग्जची साथ केलेला रॉबी टर्नर. सत्तरच्या दशकातील बंडखोर कंट्री गायकांशी नाते सांगायला याहून अधिक काय हवे! २०१४ मध्ये हा स्टुडिओ पाडला जाण्याच्या बेतात होता. गायक बेन फोल्ड्स यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला, संगीतप्रेमींनी धावाधाव केली आणि वास्तू वाचली. त्यामुळे जुन्या, अस्सल कंट्रीचे पुनरुज्जीवन जुन्या वास्तूत झाले, अशी एक रम्य कथा तयार झाली. प्रत्यक्षात १९६५ साली हा भव्य स्टुडिओ उभारला गेला तो व्हायोलिनांचे ताफे आणि समूहस्वर मावावेत म्हणून. ज्या गुळगुळीत 'नॅशव्हिल साउंड'विरुद्ध जेनिंग्ज आणि नेल्सन यांनी बंड केले, त्याच नादासाठी ही खोली बांधली होती. अस्सलपणाचे पुरावे शोधायला निघालेल्यांनी वास्तूचा दाखला जरा जपूनच द्यावा.

हे कंट्री आहे का?

सर्वाधिक वाद झाला तो अल्बममधल्या सर्वाधिक लोकप्रिय गाण्यावर. 'टेनेसी व्हिस्की' हे स्टेपलटनने लिहिलेले नाही. डीन डिलन आणि लिंडा हारग्रोव्ह यांची ही रचना डेव्हिड अ‍ॅलन को याने १९८१ मध्ये गायली आणि १९८३ मध्ये जॉर्ज जोन्सने ती लोकप्रिय केली. जोन्सचे गाणे सरळ कंट्री चालीचे आहे. स्टेपलटनने त्याची लय निम्म्यावर आणली, ताल डोलणारा केला आणि स्वरांवर हरकती घेत ते थेट सोल संगीताच्या अंगणात नेऊन सोडले. एटा जेम्स या कृष्णवर्णीय गायिकेचे साठच्या दशकातले 'आय'ड रादर गो ब्लाइंड' हे गाणे ज्यांनी ऐकले आहे, त्यांना ही छाया पहिल्या काही सेकंदांतच ओळखू येते. मूळ गाण्याचे काही चाहते त्यामुळे नाराज झाले. हे कंट्रीच नव्हे, असे त्यांचे म्हणणे. बहुसंख्य श्रोत्यांनी मात्र ते डोक्यावर घेतले, आणि तेही 'अस्सल कंट्री परतली' असे म्हणत. आपण ज्याचे कौतुक करतो आहोत तो संकर आहे, याची दखल घेण्याची त्यांना गरज वाटली नाही.

कंट्रीची सरहद्द कुठे आखायची, हे भांडण जुने आहे. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांच्या गॅदरिंगमध्ये गिटार घेऊन बसलेल्या मुलांकडून ऐकू येणारे 'टेक मी होम, कंट्री रोड्स' हे जॉन डेन्व्हरचे १९७१ चे गाणे आपल्याकडे कंट्री संगीताचा प्रातिनिधिक नमुना समजले जाते. पण १९७५ साली याच असोसिएशनच्या सोहळ्यात डेन्व्हरला सर्वोच्च पारितोषिक जाहीर झाले, तेव्हा आदल्या वर्षीचा मानकरी चार्ली रिच याने त्याचे नाव लिहिलेला कागद रंगमंचावरच लायटरने पेटवला. डेन्व्हरला कंट्री गायक मानायला नकार देण्याचा तो प्रकार होता, असा त्याचा अर्थ तेव्हापासून लावला जातो. रिच स्वतः जॅझ आणि ब्लूजमधून आलेला होता, हे सांगायला हवेच.

स्टेपलटनच्या नावाचा कागद कुणी पेटवला नाही. २०१५ मध्ये सोल आणि कंट्री यांच्या मिश्रणाचे उभे राहून स्वागत झाले. पुढच्याच वर्षी, २ नोव्हेंबर २०१६ रोजी, त्याच सोहळ्यात बियॉन्से हिने 'डिक्सी चिक्स'सोबत 'डॅडी लेसन्स' सादर केले. टेक्सासमध्ये वाढलेल्या या कृष्णवर्णीय गायिकेचे ते गाणे बापाबद्दल आणि बंदुकीबद्दल होते. तिचा येथे काय संबंध, असे विचारणाऱ्या श्रोत्यांचा मोठा गिल्ला झाला. मग २०२४ मध्ये तिचा 'काउबॉय कार्टर' आला आणि 'बिलबोर्ड'च्या मुख्य यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. असोसिएशनने त्याला एकही नामांकन दिले नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये ग्रॅमीने त्याला सर्वोत्कृष्ट कंट्री अल्बम आणि वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बम असे दोन्ही सन्मान दिले. बियॉन्से पॉपमधून आलेली, स्टेपलटन नॅशव्हिलच्या मुशीतला. दोघांची तुलना सरळसोट करता येणार नाही, हे खरे. तरीही मिश्रण कोण करतो यावर त्याचे नाव परंपरा ठरणार की घुसखोरी, याचा निकाल लागतो, हे या दोन प्रसंगांवरून लपत नाही.

टोमॅटो आणि लेट्यूस

'ट्रॅव्हलर' दुकानांत येऊन जेमतेम तीन आठवडे झाले असतील. मे २०१५ च्या अखेरीस रेडिओ सल्लागार कीथ हिल यांची एक मुलाखत प्रसिद्ध झाली. पुरुष गायक हे कंट्री रेडिओच्या सॅलडमधील लेट्यूस असून गायिका म्हणजे त्यावरचे टोमॅटो, अशा आशयाची उपमा त्यांनी दिली. श्रोतृसंख्या वाढवायची तर गायिकांची गाणी कमी करा, हा त्यांचा सल्ला. त्यावर गदारोळ झाला. हिल यांचा बचाव ठरलेला होता. आकडे असे सांगतात, श्रोत्यांनाच हे हवे आहे.

त्याच तराजूने स्टेपलटनलाही हलका ठरवले होते. सहा महिन्यांत तो तराजू सपशेल चुकीचा ठरला. एका बाबतीत तो इतका चुकला असेल, तर गायिकांबद्दलचा त्याचा निकाल बरोबर कशावरून, असे कुणीतरी विचारायला हवे होते. केंद्रचालकांनी ते विचारले नाही. २०१६ मध्ये मार्गो प्राइस हिचा 'मिडवेस्ट फार्मर्स डॉटर' हा पहिला एकल अल्बम आला. लग्नाची अंगठी गहाण टाकून आणि गाडी विकून तिने आणि तिच्या नवऱ्याने त्याचा खर्च भागवला होता. रेडिओच्या फारशा पाठबळाशिवाय तो कंट्री अल्बमांच्या यादीत पहिल्या दहांत आला. केसी मस्ग्रेव्ह्ज हिच्या 'गोल्डन अवर'ने २०१८ मध्ये असोसिएशनचे सर्वोत्कृष्ट अल्बमचे पारितोषिक मिळवले आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये ग्रॅमीचा वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमचा मानही. रेडिओने तिलाही फारशी दाद दिली नव्हती. 'ट्रॅव्हलर'ने वाट मोकळी केली असे जे म्हटले जाते, ते दाढीवाल्या, हॅटवाल्या, जाड्याभरड्या आवाजाच्या पुरुषांच्या बाबतीत बव्हंशी खरे आहे. गायिकांना ती वाट पुन्हा स्वतःच खणावी लागली.

स्टेपलटनला दोष देण्याचे यात कारण नाही. त्याने स्वतःला तारणहार म्हणवून घेतले नाही आणि ज्या 'ब्रो-कंट्री'विरुद्ध त्याला उभे केले गेले, तिच्या गायकांसाठी तर तो गाणी लिहीत होता. फेब्रुवारी २०१६ मध्ये 'ट्रॅव्हलर'ला सर्वोत्कृष्ट कंट्री अल्बमचे ग्रॅमी मिळाले. सर्वोत्कृष्ट पुरुष गायकाचे असोसिएशनचे पारितोषिक २०२४ पर्यंत तब्बल आठ वेळा त्याच्याकडे आले. रेडिओच्या यादीत गायक म्हणून पहिला क्रमांक मिळायला मात्र २०१८ साल उजाडावे लागले, आणि तोही 'ट्रॅव्हलर'मधल्या नव्हे, तर नंतरच्या अल्बममधल्या 'ब्रोकन हेलोज' या गाण्याला.

'टेनेसी व्हिस्की'च्या गीतकारांपैकी लिंडा हारग्रोव्ह हिचे नाव या सगळ्या कोलाहलात फारसे कुणी घेतले नाही. सत्तरच्या दशकात नॅशव्हिलमध्ये आलेल्या या गीतकार-गायिकेचे एक गाणे १९७५ मध्ये जॉनी रॉड्रिग्जच्या आवाजात कंट्री यादीत पहिल्या क्रमांकावर गेले होते. स्वतःच्या आवाजातही तिने अल्बम काढले, पण ते फारसे चालले नाहीत. २०१० साली तिचे निधन झाले.